मदत हवी आहे: फोटोसमीक्षेच्या वाचनाचा क्रम कसा लावावा?

मुंबईत सात जणांचा वाचनगट, दर रविवारी दोन तास, एकूण 12 बैठका. आराखडा असा: आधी छायाचित्रांचा क्युरेटर जॉन शारकोव्स्की याचे 1966चे पाच मुद्दे (प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ, पाहण्याची जागा), मग फोटोग्राफीवर लिहिणारे विचारवंत: वॉल्टर बेंजामिन, सुझन सोंटॅग, शेवटी रोलाँ बार्थ.

बार्थ मुद्दाम शेवटी. तो आधी घेतला की जे नजरेत भरेल त्याला सगळे 'पंक्टम' (बार्थचा शब्द: फोटोतला पाहणाऱ्याला टोचणारा तपशील) म्हणू लागतात. खरं तर त्याच्या लेखी तो तपशील फोटोग्राफरने हेतुपुरस्सर पेरलेला नसतो, आणि एकाला टोचला म्हणून दुसऱ्याला टोचेलच असंही नाही. त्यावर एकमत शोधणंच फसवं.

प्रत्येक फोटोला 30 मिनिटं: पहिली 10 कॅप्शन झाकून फक्त वर्णन, मग अर्थ, मूल्यमापन अगदी शेवटी. कॅप्शन आधी वाचली की डोळा तेवढंच शोधतो. फोटो मोबाइलवर नको, कडा आणि सावलीतले तपशील हरवतात. किमान 8 बाय 10 इंची प्रिंट बरी.

अडलंय ते इथे. 'इंडेक्स' (समोरच्या वस्तूने स्वतः उमटवलेली खूण, जसा पावलाचा ठसा) या संज्ञेला मराठीत काय वापरता? 'निर्देशक' सरकारी वाटतो, 'ठसा' जवळचा, पण डिजिटल फोटोला तो चालेल का? आणि वसाहतकाळातली छायाचित्रं (बॉम्बेची फोटोग्राफिक सोसायटी 1854ची) सोंटॅगआधी घ्यावीत की नंतर? होमाई व्यारावालांची वृत्तछायाचित्रं कुठल्या बैठकीत बसतील? ज्यांनी हे शिकवलंय त्यांनी कृपया क्रम कारणासकट सांगावा, नुसती पुस्तकांची यादी नको.