बोट लागली, गाव धरणात गेलं : न उरलेल्या जागेसाठी जे वाटतं त्याला काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

वडिलांच्या प्रवासाच्या वह्या टाइप करायला घेतल्या आहेत. १९६८ च्या मे महिन्यातली एक नोंद अशी: "मालवणास बोट लागली. हिला मात्र रत्नागिरीपासूनच लागली होती." माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, आजीला काय लागलं होतं?" गाडी लागते हे तिला माहीत आहे, तिलाही लागते. बोट लागते हे मात्र तिने कधी ऐकलेलं नाही. ऐकणार कुठून? कोकणच्या आगबोटीच राहिल्या नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून सुटायच्या, एकेक बंदर घेत जायच्या. पुष्कळ ठिकाणी बोट बाहेर खोल पाण्यातच उभी राहायची आणि माणसं, वळकट्या, ट्रंका सगळं पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं. मी सहा वर्षांचा असेन. पडावात पाय टाकायला आणि लाट खाली जायला एकच गाठ पडली. पाय अधांतरी. तेवढ्यात खालच्या खलाशाने माझा दंड असा काही धरला की दोन दिवस काळानिळा होता.

वहीच्या या भागाला मथळा हवा आहे. एका मित्राने 'स्मरणरंजन' सुचवलं. मला ते पचत नाही. आवडती जागा दूर राहिली, असं हे नाही. ती जागाच नाही. त्यासाठी मराठीत शब्द आहे का?

प्रतिसाद १

'स्मरणरंजना'त 'रंजन' आहे, तिथेच घोळ झालाय. आरामखुर्ची, चहा, जुना अल्बम, एवढ्यापुरता तो शब्द छान आहे. ज्या इंग्रजी 'नॉस्टॅल्जिया'ला आपण तो प्रतिशब्द म्हणून वापरतो, तो मुळात इतका गोड नव्हता. १६८८ मध्ये बाझलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हा शब्द घडवला. ग्रीकमधून 'घरी परतणं' आणि 'दुखणं' अशी दोन पदं घेतली आणि परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना, त्यातल्या सैनिकांनाही, होणाऱ्या आजाराला ते नाव दिलं. खात्रीचा उपाय म्हणजे रोग्याला घरी पाठवणं. म्हणजे घर जागेवर होतं! तुमच्या प्रश्नात तो उपायच बंद झालाय.

'गतकातर' हे विशेषण मला आवडतं, त्यातल्या 'कातर'ला कातरवेळेची छटा आहे. पण 'गतकातरता' मी लेखांतच वाचलाय, कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शिवाय 'गत' म्हटलं की रोख काळाकडे जातो. तुमची अडचण जागेची आहे.

प्रतिसाद २

आमच्याकडे याला शब्द नाही, क्रियापद आहे. मी इंदापूर तालुक्यातला. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि काठची गावं पाण्याखाली आली. आमच्याकडचा म्हातारा माणूस 'गाव बुडालं' क्वचित म्हणतो. तो म्हणतो, "गाव धरणात गेलं." जणू गाव उठून चालत गेलं. आणि पुढचं वाक्य वर्तमानकाळात असतं: "आमचं घर मारुतीच्या मागं हाय." होतं नाही, हाय.

ही '-त गेलं'ची रचना नीट पाहा. जमीन कालव्यात गेली, वाडा रुंदीकरणात गेला, विहीर हायवेत गेली. कुणी नेली ते वाक्यात येतच नाही. सरकारी कागदावर याच गावाला 'बुडीत क्षेत्र' म्हणतात. बँकेच्या बुडीत कर्जाला जे विशेषण तेच माझ्या गावाला, याचा मला आजही राग येतो.

दुष्काळी उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि बघायला झुंबड उडते. आमच्या गावात तसं देऊळ नाही, त्यामुळे गर्दीही नाही. एका वर्षी आत्याला घेऊन गेलो होतो. भेगाळलेला गाळ, शिंपले, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे. आत्या सत्तरीची, पण सरळ चालत गेली आणि एका जोत्यापाशी थांबली. भिंती नाहीत, छप्पर नाही, गुडघ्याएवढं दगडी जोतं आणि उंबऱ्याचा एक चिरा. मी वर चढायला गेलो तर म्हणाली, "चपला भाईर काढ. घरात येतूयास न्हवं?"

काढल्या. दगड तव्यासारखा तापलेला होता.

आता त्याच पाण्यावर भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईचे लोक येतात. होडीवाले चांगले कमावतात, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त होडीतल्या कुणी "किती सुंदर जलाशय" म्हटलं की काय बोलावं ते मला कळत नाही.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादानंतर 'बेचिराख' आठवला. आज आपण तो 'जळून राख झालेलं' या अर्थाने वापरतो, बॉम्बहल्ल्याच्या बातमीत तर हमखास. पण त्यात 'राख' नाहीच. फारसी 'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा. बेचिराख गाव म्हणजे जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव. वस्ती उठली, पण नाव आणि शिवार दप्तरात शिल्लक आहे, अशा गावाला महसुली भाषेत बेचिराख म्हणत. आगीचा संबंध नाही. लोक दुष्काळाने गेले असतील, पटकीने गेले असतील, पाण्यासाठी पलीकडच्या ओढ्याला जाऊन बसले असतील. शेवटची 'राख' कानाला ओळखीची वाटली आणि अर्थ तिकडे घसरला. आता तो परत ओढण्यात हशील नाही, रुळला तो रुळला. पण 'घरात दिवा लावायला कोणी उरलं नाही' हे आपण अजून म्हणतोच, म्हणजे जुना अर्थ दुसऱ्या दाराने घरातच आहे.

विदर्भात अशा उठलेल्या गावाला 'रीठ' म्हणतात. सातबाऱ्यावर मौजाच्या नावापुढे कंसात (रीठ) लिहिलेलं मी पाहिलंय. आणि 'पांढरी'ही विसरू नका. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहून चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचत जाते आणि जमिनीचा रंगच पालटतो. गाव उठून शेकडो वर्षं झाली तरी त्या टेकाडाला पांढरीचं टेकाड म्हणतात, आणि उत्खनन करणारे आधी तिथेच जातात.

प्रतिसाद ४

'नामशेष' राहिला की! ज्याचं फक्त नाव शेष आहे ते. आपण तो 'पार नष्ट' अशा अर्थाने वापरतो, पण मुंबईत तो अक्षरशः खरा आहे. चर्चगेटला गेट नाही, किल्ल्याच्या भिंती १८६० च्या दशकातच पाडल्या. धोबी तलावात तलाव नाही. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये चौकातून हलवला आणि राणीच्या बागेत नेला, तरी पन्नास वर्षं लोक रिकाम्या जागेला काळा घोडाच म्हणत होते. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आणून बसवला, स्वार नसलेला. पुण्यातल्या लकडी पुलावर लाकूड शोधून दाखवा.

प्रतिसाद ५

इंग्रजीत अलीकडे 'सोलास्टॅल्जिया' आलाय. ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने कोळसा खाणींनी वेढलेल्या हंटर खोऱ्यातल्या लोकांवरून तो घडवला. तुम्ही घरातच असता, पण भोवतालचा मुलूख डोळ्यांदेखत पालटतो, त्याचं दुखणं. याला मराठी प्रतिशब्द पाडू नये असं माझं मत. पाडलेला प्रतिशब्द परिभाषाकोशात जाऊन झोपतो.

आपल्याकडे 'चुकल्याचुकल्यासारखं वाटणं' आहे ना? सून बाळंतपणाला माहेरी गेली की सासू म्हणते, "घरात चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय." गाडी चुकते, वाट चुकते, तेच हे चुकणं. सवयीने पाय तिकडे वळतात आणि तिथे काही नसतं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं थिएटर पाडून आठ वर्षं झाली, तरी मी रिक्षावाल्याला "टॉकीजपाशी सोडा" म्हणतो. गंमत म्हणजे तो बरोबर सोडतो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

चुकल्यासारखं वाटणं माणूस थोडा वेळ नसला तरी चालतं, ताई. सून परत येते.

प्रतिसाद ५ (पुन्हा)

मान्य. पण म्हणूनच तो मला इथे चालेलसा वाटतो. वाटणाऱ्याला कुठे पटलेलं असतं की जागा परत येणार नाही? तुमच्या आत्याबाईंचं 'चपला भाईर काढ' याच जातीचं आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. 'बेचिराख' मोह पाडतोय, पण वाचणाऱ्याला आग दिसेल, आणि समुद्राच्या प्रकरणाला ते नको. मथळा शेवटी वडिलांचाच ठेवतोय: 'मालवणास बोट लागली'. नाम नाही, क्रियापद. दोन्ही अर्थ ज्याला कळतील त्याला कळतील, मुलीसाठी खाली टीप देतो.

हे सगळं काल आईला वाचून दाखवलं. विचारलं, बोटीच्या प्रवासाची आठवण येते का. म्हणाली, "मला कसली आठवण? मी लिंबू हुंगत डेकवर आडवी पडलेले. कोकण बघितलं ते तुझ्या वडलांनी." मग बऱ्याच वेळाने, मी वही मिटून उठलो तेव्हा: "ते लिंबू कल्याणचं होतं. आमच्या परसातलं. झाड रस्त्यात गेलं."