१९२२ नंतरही 'अल्स्टर किंग ऑफ आर्म्स' हे पद डब्लिनमध्येच होतं
आयरिश फ्री स्टेट (आयर्लंडचं नवं स्वशासित राज्य) आल्यावर १९२२ मध्येच 'अल्स्टर किंग ऑफ आर्म्स' हे पद संपलं, असा एक समज आहे. तसं झालं नाही. १५५२ पासूनचं हे पद. घराण्यांची कुलचिन्हं मंजूर करणं, वंशावळी नोंदवणं हे त्याचं काम. नेव्हिल विल्किन्सन १९४० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यावर होते. ब्रिटिश राजाचं कार्यालय, तेही डब्लिन कॅसलमध्ये! १९४३ मध्ये दप्तर आयरिश सरकारकडे आलं आणि पदाचं नाव इंग्लंडमधल्या 'नॉरॉय' या तशाच पदाला जोडलं गेलं.

या कार्यालयातून १९०७ मध्ये झालेल्या राजरत्नांच्या चोरीबद्दल सगळेच बोलतात (विल्किन्सनच्या आधी पदावर असलेल्या आर्थर व्हिकर्सना त्यापायी पद सोडावं लागलं), पण मला खरं मोल वाटतं ते तिथल्या बाडांचं. १९२२ मध्ये डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतला सरकारी दप्तरखाना जळाला, मूळ मृत्युपत्रं गेली. पूर्वी याच पदावर असलेल्या विल्यम बेथमने त्याआधी सुमारे शंभर वर्षं त्यांचे गोषवारे काढले होते; त्यांवरून मांडलेल्या वंशावळी मात्र या कार्यालयात सुखरूप राहिल्या.