मतदार न्याय कोणत्या मापाने मोजतो?

कोथरूडकर (चर्चाप्रस्ताव):
२०२४ च्या विधानसभा निवडणुकीपासून पुण्यात एक वाक्य सारखे कानी पडते : ‘आम्ही कर भरायचा आणि यांनी दीड हजार उचलायचे.’ लाडकी बहीण योजनेवरचा हा राग निव्वळ पैशाचा नाही, त्यामागे न्यायाची एक ठाम कल्पना आहे, असे माझे मत आहे. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैतिकतेचे आधार मांडताना न्यायबुद्धी आधी एकच धरली होती. २०२३ मध्ये तिची समता आणि प्रमाणशीरता अशी फोड झाली. सर्वांना सारखे मिळावे असे मानणारा साधारणपणे डावीकडे झुकतो, आणि ज्याने जेवढे केले तेवढेच त्याच्या पदरात पडावे असे मानणारा उजवीकडे. पक्ष नंतर येतो, माप आधी ठरलेले असते.

नारायण पेठ:
असहमत. माप आधी ठरलेले असते, तर ते सगळीकडे सारखे लागले असते. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत बंद झाली, तेव्हा आमच्याच सोसायटीत ‘हा अन्याय आहे’ म्हणून सह्या गोळा झाल्या, आणि २०२३ मध्ये ती परत मिळताच सवलतीसाठीचा पीटी-३ अर्ज भरण्याची लगबग दोन-दोन गाड्या बाळगणाऱ्यांनीही केली. दीड हजारांसाठी मात्र कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि दारात चारचाकी नको. फुकट कशाला म्हणायचे हे हितसंबंध ठरवतात. न्यायाची भाषा मागाहून येते.

कोथरूडकर:
उदाहरण बिनतोड आहे, निष्कर्ष नाही. सवलत मागणाऱ्यांचा दावा ‘वर्षानुवर्षे आम्हीच कर भरतो’ असा होता, म्हणजे प्रमाणशीरतेचाच. शिवाय योजनेतून एक पैसाही न मिळणाऱ्या माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका तिचे समर्थन करतात, तेही दया म्हणून नव्हे, तर बायका घरात जन्मभर बिनपगारी राबतात त्याचा हा मोबदला आहे म्हणून. यात त्यांचा कोणता हितसंबंध?

किरकटवाडीकर:
आपण दोघेही जुन्या हद्दीतून बोलत आहात. आमचे गाव २०२१ मध्ये महापालिकेत आले. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या सोसायटीत टँकरच येतो. समतेने मोजा वा प्रमाणाने, आम्ही तोट्यातच, आणि तरीही आमची मते एका बाजूला पडत नाहीत. जुने गावकरी आपली तुलना ग्रामपंचायतीच्या काळातल्या घरपट्टीशी करतात, सदनिकाधारक कोथरूडच्या नळाशी. अन्याय दोघांनाही वाटतो; पण एकाला महापालिकाच नको असते आणि दुसऱ्याला ती अधिक हवी असते.