धागा: जुनी इतिहासाची पुस्तकं ऑनलाइन मागवताना

काल सरदेसाईंच्या मराठी रियासतीचा, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचा, जुना मध्य विभाग २ आला. वर्णनात 'किंचित डाग'. उघडलं तर खालच्या तिसऱ्या भागापर्यंत पाण्याची तपकिरी रेघ! परत करणार होते, पण वास आला आणि आजोबांचं कपाट आठवलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा नारायण पेठेतल्या तळमजल्यावरची त्यांची सगळी पुस्तकं गेली. जी चारदोन वाचली त्यांच्यावर हीच रेघ होती. आई सांगते, पुस्तकं अंगणात वाळत घातली होती, पापडांसारखी. नवी आठ खंडांची रियासत आहे घरी, तरी ही ठेवून घेतली. तुमचे अनुभव सांगा.

चिंचवडकर
ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास मागवला. मूळ १८२६चा, तीन खंड. आलं काय, तर स्कॅनवरून छापलेलं पेपरबॅक. नकाशाची घडी न उलगडताच स्कॅन केलेली, त्यामुळे अर्धा महाराष्ट्र गायब. एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा! बाराशे गेले.

रेवा_
अंगठा 😂😂 स्वाक्षरीची प्रत म्हणायची

मोडीवाला
'दुर्मीळ' शब्द दिसला की आधी आतल्या पानाचा फोटो मागायचा, ज्यावर आवृत्ती नि साल असतं. आणि शिवणीचा. मी राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड घेतला, फोटोत चक्क १८९८. घरी आली झेरॉक्स, वर छान कापडी बांधणी. विकणारा म्हणतो, साल खोटं आहे का? नाही ना!

आळशी_वाचक
आर्काइव्हवर फुकट आहे की हे सगळं

रेवा_
वाचायला आहे हो. हुंगायला नाही.

न्यूजर्सीची_काकू
आमच्याकडे पुस्तक चारशेचं, टपाल तीन हजारांचं. म्हणून सगळं भावाच्या पत्त्यावर, दादरला. वहिनी आता फोनच उचलत नाही. मे महिन्यात बॅगेत पुस्तकं आणि साड्या नवऱ्याच्या बॅगेत.

चिंचवडकर
आमच्याकडे पार्सल वॉचमनकडे थांबतं, बायको माहेरी गेली की वर येतं. परवा तोच म्हणाला, साहेब, पेशवे दफ्तर अजून किती यायचंय? पेशव्यांच्या निवडक कागदपत्रांचे ४५ भाग आहेत हे त्याला सांगितलं नाही.

माई६२
जुनं पुस्तक थेट कपाटात ठेवू नका गं. कसर असते, बाकीच्यांना लागते. मी पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरला ठेवते, मग सावलीत. उन्हात नको, पानं तडकतात. जरा थांबा, कुकर झाला

रेवा_
माई फ्रीझरमध्ये?? मटारांशेजारी?

माई६२
मटारांखाली. सूनबाईंनी एकदा पाहुण्यांसमोर काढलं, पालक समजून. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी होते.

मोडीवाला
🙏 पगडी गोठले

आळशी_वाचक
माई मटार कुठून घेता, यंदा महाग आहेत फार

माई६२
सासवडचे. दाणा गोड असतो.

धागाकर्ती
इतिहासावर या हो! मध्य विभाग ३ कुणाकडे आहे का? डाग चालतील.

मोडीवाला
आहे. देणार नाही.