जुन्या व्हीटेकला पुढे मोठी डिस्क: लावावी की नाही?

दर्यापूरकर

राजेहो, निर्णय अडकलाय म्हणून विचारतो.

गाडी २००१ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक (होंडाचं वरच्या फेऱ्यांत जोर देणारं इंजिन), १०६ अश्वशक्तीची. आठ वर्षांपूर्वी घेतली आणि जिवापाड जपली. आजही आरपीएमची सुई पाच हजारांच्या वर गेली की अंगावर काटा येतो. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, रिम १३ इंची.

दिवाळीनंतर चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरत होतो. गाडीत चौघं, डिक्की भरलेली, पुढे एसटी, त्यामुळे पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास आला. पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर थेट तळाला गेलं. भराभर दोन-तीनदा मारलं, तेव्हा थोडं धरलं. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या नालीत चाक घालून गाडी थांबवली. मागे लेक रडत होती. अर्धा तास तिथेच बसून राहिलो. गाडी थंड झाल्यावर पेडल आपोआप वर आलं, जसं काही झालंच नव्हतं.

आता ठरवलंय की पुढे मोठी डिस्क, मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) आणि त्यासाठी १५ इंची रिम. अमरावतीला भंगारात एका मोठ्या सेडानचा नकलसकट (चाक आणि कॅलिपर ज्यावर बसतात तो भाग) सेट पाहून ठेवलाय, २५,००० सांगतात. इंजिनात दम आहे तेवढा ब्रेकमध्ये नाही, असं माझं मत झालंय. तुमचं काय?

ग्रीसचे हात

भाऊ, पयले एक सांगा. पेडल मऊ होऊन खाली गेलं, का कडक होतं अन् गाडी थांबत नव्हती?

काहून विचारतो ते सांगतो. पॅड तापून घसरले तर पेडल दगडासारखं कडक राहते, पाय दुखते पण गाडी जात राह्यते. पेडल लोण्यासारखं खाली गेलं तर ब्रेक ऑइलले उकळी आली. तेलात वाफ झाली का पाय वाफच दाबते, कॅलिपरपर्यंत जोर पोचतच नाई. तुमचं थंड झाल्यावर वर आलं म्हणता, म्हणजे मले तरी तेलच दिसते.

आठ वर्षांत तेल कितीदा बदललं?

दर्यापूरकर

मऊच होतं. तेल कमी दिसलं की वरून टाकत आलो, पूर्ण कधीच बदललं नाही.

ग्रीसचे हात

मंग डिस्कचा काय गुन्हा? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते. डॉट ३ दर्जाचं तेल नवं असलं तर २०५ अंशाले उकळते, पाणी मुरलं का १४० लेच. डॉट ४ चं २३० अन् १५५. आपल्याकडचा पावसाळा आठ वेळा पिऊन बसलेलं तेल हाय ते. त्याच तेलावर २५,००० ची डिस्क बसवाल अन् पुढच्या दिवाळीले त्याच नालीत जाल. मी वाशीम जिल्ह्यात गॅरेज चालवतो, अशा गाड्या दर उन्हाळ्यात येतात.

समृद्धीवरचा

तेल बदलायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण तिथेच थांबा म्हणणं मला पटत नाही.

मी कारंज्याहून नागपूरला आठवड्यातून दोनदा समृद्धीने जातो. कारला १२० ची मर्यादा आहे आणि सगळे त्याच वेगात असतात. मागच्या थंडीत मी गावाकडून इंटरचेंजच्या रस्त्याला येत असताना रोही (नीलगाय) आडवा आला. पूर्ण ब्रेक मारला, वाचलो. गाडी पुन्हा वेगात आली तोच मागून दुसरा निघाला. रोही कळपात असतो, एक गेला की संपलं असं नसतं. दुसऱ्या वेळी ब्रेकने पहिल्यासारखं धरलं नाही, हे मला पायात कळलं. माझ्याही जुन्या गाडीला लहानच डिस्क होत्या. मोठ्या लावल्यापासून लागोपाठ तीनदा मारले तरी पकड तीच राहते. तेल तेव्हाही नवंच होतं माझं. दर्यापूरकरभाऊ, गाडीत लेकरं बसतात, २५,००० कडे पाहू नका.

सोयाबीनवाला

गाडी थांबते टायरवर. डिस्क फक्त चाक थांबवते.

दर्यापूरकर, रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ५० च्या वेगात कचकन ब्रेक मारून पाहा. पुढची चाकं लॉक होतात का, म्हणजे फिरायची थांबून घसरतात का? होत असतील तर आत्ताचाच ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा ताकदवान आहे. डिस्क ताटाएवढी केली तरी गाडी एक फूटही अलीकडे थांबणार नाही.

हिशेब करा. ८० च्या वेगात चांगल्या टायरवर कोरड्या डांबरात गाडी ३१-३२ मीटरमध्ये थांबते. टायर जुना होऊन कडक झाला, पकडीचा आकडा (घर्षणांक) ०.८ वरून ०.६ वर आला, तर ४२ मीटर लागतात. हा दहा मीटरचा फरक कुठलीही डिस्क भरून देत नाही. आमच्याकडे सुगीत रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्या भुशावर तर बोलायलाच नको. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुमचे वाचून सांगा.

वर्धाकर पुण्यात

सोयाबीनवाला, तुमचं गणित थंड ब्रेकने एकदा थांबण्याचं आहे. धाग्याचा प्रश्न घाटाचा आहे.

माणसं-सामान धरून गाडी १,२०० किलो. ८० वरून शून्यावर आणायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच, परतवाडा त्याच्या साधारण ७०० मीटर खाली. ७०० मीटर उतरताना ८,२०० किलोज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे ८० वरून सुमारे २८ वेळा थांबल्यासारखं झालं. इंजिन आणि हवा त्यातला वाटा उचलतात, पण पाय सतत ब्रेकवर असेल तर बराचसा भार डिस्कवरच येतो, आणि त्यातही पुढच्यांवर जास्त.

डिस्क चार किलोची धरली आणि ७० टक्के भार पुढे धरला, तर एका थांबण्यात पुढच्या डिस्क सुमारे ५६ अंशांनी तापतात. पाच किलोची असेल तर ४५ अंशांनी. हा फरक तेलापर्यंत पोचतो.

आणि कंपन्यांनी हे स्वतः केलंय. माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये आली तेव्हा पुढची डिस्क २३५ मिमी होती. १.८ इंजिन आलं तेव्हा ती २५५ झाली, आणि २००१ नंतर स्पोर्ट ब्रेकवाल्या गाडीत २७०. ती जुनी मॉडेल सांभाळणारे लोक आजही पुढच्या मॉडेलचे ब्रेक त्यांना बसवतात. याला कोणी वेडेपणा म्हणत नाही.

ग्रीसचे हात

वर्धाकर, त्या माझदाच्या मागच्या डिस्कचे आकडे पण सांगा.

वर्धाकर पुण्यात

२३१, मग २५१, मग २७६.

ग्रीसचे हात

हेच म्हणून राह्यलो मी. कंपनीनं पुढचं वाढवलं तेव्हा मागचंही वाढवलं. इथी फक्त पुढचं वाढवायचं ठरून राह्यलं अन् मागे तोच जुना ड्रम. पुढची चाकं आधीच लॉक होतील, एबीएस नाई, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाईल. मागच्या टायरची पकड तशीच पडून राहील, वापरल्याच जाणार नाई. ब्रेक मोठा अन् थांबायचं अंतर लांब, असं होते राजा. मी पाह्यलं हाय.

दुसरं, मोठ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं का तेल ढकलते तो) जुनाच ठेवला तर तेवढं तेल ढकलाले पेडल जास्त खोल जाते. ज्या माणसाचं पेडल घाटात तळाले गेलं, त्याले अजून खोल पेडल द्यायचं का?

अन् घाटाचं म्हणाल तर मोठी कढई उशिरा तापते, पण आच तीच राह्यली तर तापतेच. वीस मिनिटं पाय ठेवून उतरलं का चार किलो काय अन् पाच किलो काय. दुसऱ्या गिअरात उतरा, इंजिनाले धरू द्या. वेग वाढला का एकदा जोरात दाबा अन् सोडा, डिस्कले हवा खाऊ द्या.

समृद्धीवरचा

काका, पिस्टनचा मुद्दा मान्य. माझ्या मिस्त्रीने पिस्टनचं माप पाहूनच कॅलिपर निवडले होते, पेडल आधीसारखंच आहे. म्हणजे काम मापाने केलं तर होतं. भंगारातला सेट डोळे झाकून उचलू नये एवढंच यातून निघतं. लावूच नये, असं निघत नाही.

हिंगणघाटची लेक

रिमबद्दल कोणीच बोलत नाहीये. १३ इंची रिम म्हणजे ३३० मिमी, आतली जागा त्याहून कमी आणि त्यातच डिस्कच्या वर कॅलिपर बसवायचा. म्हणून १५ इंची घ्यावी लागते. रिम वाढली की बाहेरचा व्यास तोच ठेवायला टायरची भिंत बुटकी होते.

आमच्या घरी हे करून झालंय. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. कापसाच्या गाड्यांनी त्याला खड्डे पडतात ते वेगळेच. पहिल्याच पावसाळ्यात दोन टायरांना अंड्याएवढे फुगे आले आणि एक रिम वाकली. ज्या गॅरेजने बसवून दिलं होतं, त्यांनी हात वर केले. शेवटी जुन्या रिमा शोधत फिरलो, त्या आम्ही विकून बसलो होतो.

आणि २००१ ची गाडी आहे ना? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे बदल करायला मनाई करतं. पासिंगच्या वेळी किंवा अपघातानंतर विम्याचा दावा करताना हा प्रश्न निघू शकतो. आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, मग पैसे द्या.

दर्यापूरकर

चार दिवस गाडी खोलून बसलो होतो. जे दिसलं ते सांगतो.

तेल काढलं तर कोऱ्या चहासारखं काळं. डाव्या कॅलिपरची सरकती पिन जाम होती, हातोडीने ठोकून काढावी लागली. त्या बाजूचा आतला पॅड पत्र्याला टेकायला आला होता, बाहेरचा अर्धा शिल्लक. म्हणजे घाटात सगळं काम एकच बाजू करत होती. रबरी होजवर बारीक चिरा. मागचे ड्रम उघडले, लायनर गुळगुळीत आणि आत धुळीचा थर. टायरवरचे आकडे १११७, म्हणजे २०१७ चा मार्च.

लाज वाटली नाही असं म्हणणार नाही. गाडी पुसत राहिलो आणि जिच्यावर जीव टांगलेला असतो ती वस्तू आठ वर्षं उघडून पाहिली नाही.

चारही टायर नवे सांगितलेत, मूळ मापाचेच. डॉट ४, होज, पॅड, लायनर, पिनांचे रबर आणि ग्रीस एवढं सध्या. डिस्क लेथवर दाखवली, जाडी अजून मापात आहे. भंगारवाल्याला नाही म्हटलेलं नाही, संक्रांतीपर्यंत थांब म्हटलंय.

समृद्धीवरचा

चांगलं केलंत. तरी माझं मत तेच आहे. या सगळ्यानंतरही हायवेवर दुसऱ्या दणक्याला पकड कमी वाटली, तर कॅलिपरच्या पिस्टनचं माप घेऊन मला सांगा, मी माझ्या मिस्त्रीशी बोलणं करून देतो.

ग्रीसचे हात

संक्रांतीच्या आधी एकदा गाडी रिकामी घेऊन चिखलदऱ्याले जा, लेकराईले घरी ठेवा. उतरताना मधात कुठीतरी रुंद जागा पाहून थांबा अन् दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, लावू नका. डावीकडची आच उजवीपेक्षा जास्त लागली तर पिन अजून सुटली नाई. मंग गाडी मले आणून दाखवा.