दुबई शॉपिंग फेस्टिव्हल आणि सहकुटुंब भटकंती : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत दुबईला जायचं घरात जवळपास पक्कं झालंय. मी, नवरा, मुलगी (आठवीत), मुलगा (पहिलीत) आणि सासूसासरे असे नाशिकहून निघणार. विमान मुंबईहून. फेस्टिव्हल डिसेंबर-जानेवारीत असतो, हवाही तेव्हाच बरी, म्हणून हा मुहूर्त.

पंचाईत अशी की प्रत्येकाची दुबई वेगळी आहे. सासूबाईंना सोन्याचा बाजार बघायचाय आणि जमलं तर पाटल्या करायच्यात. सासऱ्यांची कंबर गेली काही वर्षं कुरकुरतेय. "मॉल बघायला विमानात कशाला बसायचं, ते इथेही आहेत" हे त्यांचं रोजचं वाक्य. मुलीला बुर्ज खलिफा आणि म्युझियम ऑफ द फ्युचर, धाकट्याला फक्त वाळवंट आणि उंट. नवऱ्याचा रस सध्या एक्सेल शीटमध्ये आहे.

ट्रॅव्हल एजंटने दिलेल्या कार्यक्रमात रोज सकाळी स्थलदर्शन, दुपारी मॉल आणि रात्री पुन्हा काहीतरी आहे. ते वाचूनच दमायला झालं. सत्तरीतली माणसं आणि सहा वर्षांचं पोर घेऊन हे होणार नाही, एवढं मलाही कळतं.

तर प्रश्न असे. नणंद शारजाला राहते आणि "हॉटेलात उतरलात तर बोलणार नाही" म्हणते. तिच्याकडे राहून रोज दुबई करणं जमतं का? सोनं तिथे अजूनही स्वस्त पडतं का? सासऱ्यांना डेझर्ट सफारीला न्यावं का? आणि सासूबाई डिंकाचे लाडू बांधायला बसणार आहेत, खायच्या वस्तूंवर काही बंधनं आहेत का? आधी जाऊन आलेल्यांनी किंवा तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा. पॅकेजच्या जाहिराती नकोत.

प्रतिसाद

लाडवांपासून सुरुवात करते, कारण हे कोणी सांगत नाही. खसखस अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. डिंकाच्या लाडवात, अनारशांवर, घरच्या मसाल्यात ती असतेच. बिनखसखशीचे लाडू बांधायला सांगा. सासऱ्यांच्या कंबरेच्या गोळ्याही तपासा. ट्रामाडॉल, कोडीन असलेली वेदनाशामकं तिथे नियंत्रित यादीत आहेत, त्यांना आधी परवानगी घ्यावी लागते. बाकी औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा.

सफारीत जीप वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारते. कंबरेचा त्रास असलेल्याने त्या जीपमध्ये बसू नये, मग चालक कितीही "स्लो चलाऊंगा" म्हणो. बुकिंग करतानाच विचारा, बरेच जण ज्येष्ठांना साध्या रस्त्याने थेट कॅम्पवर नेतात. उंट, जेवण, नाच सगळं तिथेच असतं. स्वेटर न्या, रात्री वाळवंटात चांगलंच गार होतं.

प्रतिसाद

शारजाबद्दल : नणंदेकडे जरूर राहा, पण शेवटी. मेट्रो शारजापर्यंत जात नाही आणि संध्याकाळी दुबईहून शारजाकडे जाणारा रस्ता तुंबलेला असतो. फेस्टिव्हलची खरी मजा तर संध्याकाळीच. रोज रात्री धाकटा गाडीत झोपणार आणि सासरे वैतागणार. मी तुमच्या जागी असतो तर आधी बर दुबईत हॉटेल घेतलं असतं आणि शेवटचा शनिवार-रविवार नणंदेला दिला असता. तिलाही तेव्हाच सुट्टी असेल, 2022 पासून दुबई-शारजात शनिवार-रविवार सुट्टीचे असतात. हॉटेलवर दर खोलीमागे दर रात्री 'टुरिझम दिरहम' नावाचा कर वेगळा द्यावा लागतो, तो पॅकेजच्या किमतीत आहे का ते एजंटला विचारा.

बर दुबई सुचवण्याचं कारण सासरे. मॉल नको म्हणणाऱ्या माणसाला तिथली खाडी आवडते. अल फहिदीच्या जुन्या गल्ल्या बघायच्या, मग अब्रा नावाच्या लाकडी होडीतून पलीकडे देराला जायचं. भाडं माणशी 1 दिरहम, दुबईत इतकं स्वस्त दुसरं काही नाही. पलीकडे उतरलं की मसाल्यांचा बाजार, थोडं चाललं की सोन्याचा. सासूबाई आणि सासरे एकाच संध्याकाळी खूश. फक्त शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात. जेवायला करामा (भारतीय खानावळींची वस्ती) जवळ आहे.

प्रतिसाद

सोन्याचं गणित पूर्वीसारखं राहिलेलं नाही. भारताने जुलै 2024 मध्ये आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणलं, तेव्हा दरातली तफावत बरीच घटली. शिवाय दागिन्यांची शुल्कमुक्त सवलत (बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20) वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठवडाभर फिरायला गेलेल्यांसाठी नाही. पाटल्या घेतल्याच तर पावती जपा आणि परतताना लाल मार्गिकेने जाऊन जाहीर करा. सासूबाई अंगावर जास्त दागिने घालून निघणार असतील तर जातानाच मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून दाखला घ्या, नाहीतर परत येताना स्वतःच्याच बांगड्यांचा हिशोब द्यावा लागतो.

तिथे घासाघीस घडणावळीवर करायची. सोन्याचा त्या दिवसाचा दर ठरलेला असतो, तो कोणी कमी करत नाही. दागिन्यांवर 5 टक्के व्हॅट लागतो. पर्यटकांना 250 दिरहमपासूनच्या खरेदीवर तो बऱ्याच अंशी परत मिळतो, पण दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करून घ्यावी लागते. विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी परताव्याच्या काउंटरवर जा, वस्तू दाखवायला सांगू शकतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! खसखशीचं ऐकून सासूबाईंनी "मग लाडवाला चव काय राहणार" असं म्हटलंय, पण मानल्या. पाटल्यांचा बेत एका साखळीवर आलाय. "नणंदेच्या नावावर आणू" असंही सुचवून झालं. तिची सवलत तिच्या स्वतःच्या सामानासाठी आहे, हे नवऱ्याने समजावलं.

आता नवा कार्यक्रम असा : आधी बर दुबई आणि खाडी, एक दिवस बुर्ज खलिफा व दुबई मॉल, एक संध्याकाळ ग्लोबल व्हिलेज (देशोदेशींच्या दालनांची जत्रा), एक सफारी, मग शारजा. नणंदेच्या गाडीने अबू धाबीची शेख झायेद मशीद आणि बीएपीएस (स्वामिनारायण) मंदिर. मंदिर सोमवारी बंद असतं आणि मशिदीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करायची, हे दोन्ही शोधून ठेवलंय.

अजून एक अडलंय. आमच्या तारखांत 31 डिसेंबर येतोय. मुलीला बुर्ज खलिफाची आतषबाजी बघायचीय.

प्रतिसाद

त्या दिवशी बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी सहा जणांनी जाऊ नये. आसपासचे रस्ते दुपारपासून टप्प्याटप्प्याने बंद होतात, संध्याकाळी तिथलं मेट्रो स्थानकही बंद करतात आणि मध्यरात्रीनंतर टॅक्सीसाठी तंगडतोड होते. ज्येष्ठांना मुळीच नेऊ नका. 828 मीटरची इमारत आहे, लांबूनही दिसते. त्या बाजूला गच्ची असलेलं हॉटेल बर दुबईत मिळतंय का बघा, पण आत्ताच बघा, त्या रात्रीचे दर भराभर चढतात.

धागाकर्ती

नवऱ्याला एक्सेलमध्ये नवा रकाना काढायला सांगितलाय. गच्ची असलेलं, शाकाहारी नाश्ता देणारं आणि लिफ्ट चालू असलेलं हॉटेल कोणाच्या माहितीत असेल तर भाग सांगा, नाव संदेशात कळवा.