मियाटाचं आतलं मागचं चाक जागीच फिरतं, टॉर्सन घालू का?

जर्सीकर (प्रश्न)

माझ्याकडे १९९१ ची माझदा मियाटा आहे. १.६ लिटर, पाच गिअरची. न्यू जर्सीत एका मोठ्या पार्किंग लॉटमध्ये शंकू मांडून ऑटोक्रॉस (शंकूंमधून एकेका गाडीची वेळेची शर्यत) होते, तिथे दोन वर्षं पळवतोय.

अडचण एकच. दुसऱ्या गिअरमध्ये घट्ट वळण संपत आलं की ॲक्सिलरेटर देतो आणि आतल्या बाजूचं मागचं चाक जागीच फिरायला लागतं. इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. मित्राने बाहेरून व्हिडिओ काढला. आतल्या टायरमधून धूर निघतोय आणि बाहेरचं चाक आरामात चाललंय.

दोन्ही मागची चाकं जॅकवर उचलून, न्यूट्रलमध्ये एक चाक हाताने फिरवलं, तर दुसरं उलट दिशेला फिरलं. म्हणजे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी) साधंच आहे. १९९४ पासूनच्या १.८ मियाटाचं टॉर्सन डिफरन्शियल, म्हणजे पकड असलेल्या चाकाला जास्त ताकद देणारं, जुन्या सुट्या भागांच्या यार्डात मिळतंय. घेऊ का? आधीच्या मालकाने मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचा झुकाव अडवणारी दांडी) बसवलाय. टायर आठ वर्षांचे आहेत, पण नक्षी भरपूर शिल्लक आहे.

घाटवाट

भाऊ, बिनधास्त घ्या. तोवर एक युक्ती सांगतो: चाक फिरायला लागलं की हँडब्रेक हलकासा ओढा, ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. गावाकडे ट्रॅक्टर चिखलात रुतला की आम्ही हेच करायचो.

दातेरी

जर्सीकर, मी मिशिगनमध्ये गिअर आणि ॲक्सलच्याच कामात आहे. मूळचा भोरचा. स्वतःच्या १.६ मियाटात टॉर्सन घातलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घाटवाट यांच्या युक्तीबद्दल. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, म्हणून फिरणारं एकच चाक धरता येतं. मियाटाचा हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. साधं डिफरन्शियल दोन्हीकडे सारखाच टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देतं. हँडब्रेक ओढून फिरणाऱ्या चाकावर जेवढा बोजा वाढवाल, तेवढा जास्तीचा टॉर्क दुसऱ्या चाकालाही मिळेल, पण तो तिथल्या ब्रेकमध्येच खर्च होईल. हाती काही लागत नाही. टॉर्सनवर मात्र ही युक्ती खरंच चालते. का, ते पुढे येतं.

साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांचा टॉर्क सारखा, त्यामुळे ज्याची पकड कमी त्याच्याच मापाने दोघांना मिळतं. समजा वळणात आतल्या चाकाची पकड १०० न्यूटन-मीटर झेपेल एवढीच आहे. मग बाहेरच्यालाही १०० च, एकूण २००. टॉर्सनमध्ये गिअरचे तिरके दात एकमेकांवर घासून अडतात, म्हणून पकड असलेल्या चाकाला काही पट जास्त देता येतं. हे प्रमाण अडीच धरलं, तर आतल्याला १००, बाहेरच्याला २५०, एकूण ३५०. तेवढ्याच इंजिनावर गाडी वळणातून उडी मारल्यासारखी बाहेर पडते.

पण हा गुणाकार आहे. आतलं चाक जमिनीवरून उचललं गेलं की तिथली पकड शून्य, आणि शून्याची अडीच पट शून्यच. टॉर्सन त्या क्षणी साध्या डिफरन्शियलसारखं वागतं. तिथे हलका ब्रेक लावला की शून्याच्या जागी काहीतरी येतं आणि त्याची अडीच पट बाहेरच्या चाकाला मिळते.

म्हणून मला तुमच्या टॉर्सनपेक्षा तुमच्या जाड मागच्या बारची जास्त काळजी वाटते. वळणात गाडी बाहेर झुकते, बाहेरचं चाक वर दाबलं जातं, आणि बार पिळवटून आतल्या चाकालाही वर ओढतो. बार जितका जाड तितकी ओढ जास्त. माझ्या गाडीतही असाच बार होता. टॉर्सन बसवून पहिल्याच ऑटोक्रॉसला गेलो आणि चाक पूर्वीसारखंच फिरलं. फार वाईट वाटलं, सगळा शनिवार-रविवार गाडीखाली घालवला होता. मग तिथेच बारच्या दोन्ही टोकांच्या लिंक सोडल्या, बार तारेने वर बांधला, आणि पुढची फेरी घेतली. तोच रस्ता, तेच टायर, आणि गाडी चिकटून बाहेर आली. त्या दिवसापासून मागचा बार परत लावलेला नाही. पुढचा मात्र जाड केलाय. झुकाव पुढच्या बाजूने अडवला की मागच्या आतल्या चाकावर वजन राहतं. नाक वळायला थोडं आळशी होतं, पण या हलक्या गाडीत ते सांभाळता येतं.

टायरबद्दल स्पष्ट सांगतो, बदला. आठ वर्षांत रबर कडक होतं, नक्षी कितीही दिसो. नखाने दाबून बघा, नव्या टायरचं रबर दबतं, याचं दबणार नाही. हवेचं मूळ माप दाराच्या पट्टीवर २६ पीएसआय आहे, तिथून सुरुवात करा.

जर्सीकर

शनिवारी लिंक सोडल्या, रविवारी पळवली. आतलं चाक अजून फिरतं, पण आता जास्त पाय दिला तरच. धूर नाही. मग टॉर्सनला अर्थ आहे ना? आणि त्याऐवजी प्लेटचं क्लच असलेलं डिफरन्शियल घेतलं तर?

दातेरी

आता अर्थ आहे. चाक जमिनीवर आहे, म्हणजे गुणाकाराला आकडा मिळाला.

प्लेटवाल्याला आधीपासून दाब दिलेला असतो, त्यामुळे चाक उचललं तरी थोडा टॉर्क जातोच. पण प्लेट झिजतात, तेल त्याच्यासाठीचंच लागतं, पार्किंगमध्ये चाक वळवताना मागून कडकड आवाज येतो. रोज चालवायच्या गाडीत मी घालणार नाही. १.६ ला कंपनीकडूनच मिळायचं ते व्हिस्कस (दाट द्रवावर चालणारं) डिफरन्शियलही कोणी गळ्यात मारेल, ते घेऊ नका. त्यातला सिलिकॉन द्रव एवढ्या वर्षांत मवाळ झालेला असतो.

यार्डातून नुसतं डिफरन्शियल आणू नका. १.८ चा क्राउन गिअर (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) ७ इंची, तुमचा ६ इंची. दोन्ही ॲक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा दांडा) त्याच गाडीचे लागतील. गुणोत्तर ४.३० वरून ४.१० होईल, म्हणजे ओढ सुमारे पाच टक्के कमी, पण दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त वेगापर्यंत जाता येईल. ऑटोक्रॉसचा तुमचा वर्ग डिफरन्शियल बदलू देतो का, तेही पैसे मोजण्याआधी पाहा.

आणि तेल काढताना आधी वरचा, भरायचा नट सोडवा. तो गंजून अडकलेला असतो. खालचा आधी उघडलात आणि वरचा निघालाच नाही, तर रिकामं डिफरन्शियल घेऊन गाडी तिथेच उभी राहील.